दोन निरुपयोगी ओळी

नाकबाईला घाण सहन होत नव्हती, आणि पोट होतं अंड्यांच्या कारखान्यावर. नशिबाला विनोद कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी तिला एकदा भेटायला हवं होतं.

कारखाना म्हणजे लांबलचक पत्र्याची शेड. एका टोकाला गाड्यांतून अंडी उतरायची, धुतली जायची आणि आठ रांगांनी सरकत्या पट्ट्यावर चढायची. दुसऱ्या टोकाला बायका ती खोक्यांत भरायच्या. मधे एक अंधारी खोली होती. तिथे पट्ट्याखाली झगझगीत दिवे लावलेले. चांगल्या अंड्यातून उजेड वर येतो, नासक्यातून येत नाही. वरचा सेन्सर ते बघून खूण करायचा आणि पुढची छोटी पट्टी टोला मारून ते अंडं शेजारच्या पिंपात पाडायची. पिंप दुपारपर्यंत भरायचं. त्या पिंपाचा वास केसांत बसायचा, कपड्यांत बसायचा, डबा उघडला की भाजीतही यायचा.

या मशीनची मेकॅनिक नाकबाई. चौदा वर्षं ती त्या अंधाऱ्या खोलीत वाकून सेन्सर पुसत होती, आणि दिवसातून निदान चाळीस वेळा 'शी!' म्हणत होती. अंड्याला शी, पिंपाला शी, कुणी हात न धुता चहा घेतला तर त्याला शी. 'नाकबाई' हे नाव तिला पॅकिंगच्या बायकांनी ठेवलं होतं, त्यातही खोकेवाल्या काकूंनी. काकू तिथल्या सगळ्यात जुन्या. नाकबाईला हे नाव ठाऊक होतं आणि तिला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. चारचौघांत नाक असलेली एक तरी असावी, असं तिचं म्हणणं.

शेडच्या दाराशी औषधाच्या पाण्याचे दोन उथळ ट्रे होते. आत येणाऱ्याने पहिल्यात पाय बुडवायचा, मग दुसऱ्यात, मगच आत. बाहेरचा रोग अंड्यांपर्यंत पोचू नये म्हणून. लोक आळशी. पहिल्यात टाच टेकवल्यासारखं करायचे आणि दुसऱ्यावरून उडी मारायचे. नाकबाई दिसली की मात्र सगळे निमूटपणे दोन्हींत उभे राहायचे. कारण ती नुसती ओरडायची नाही, परत बाहेर पाठवायची.

मशीनचं जुनं कार्ड, म्हणजे सेन्सरची खूण ऐकून पट्टी हलवणारा सर्किट बोर्ड, म्हातारं झालं होतं. आज तिसरी रांग बंद, उद्या सातवी. बाहेरची कंपनी म्हणाली, कार्ड मिळत नाही, अख्खं मशीन बदला. तेव्हा मालकीणबाईंनी नाकबाईला वरच्या खोलीत बोलावलं.

"तुम्ही शिका," त्या म्हणाल्या. "आपलं कार्ड आपण बनवू. जमलं तर ही खोली तुमची. इथेच बसायचं, डिझाइन बघायचं. शेडमध्ये उतरायला नको."

नाकबाईने खोलीकडे पाहिलं. एक टेबल, एक खिडकी, नीट लागणारं दार. तिने हळूच श्वास घेऊन पाहिला. कसलाच वास आला नाही. त्या क्षणापासून तिला आयुष्यात दुसरं काही नको झालं.

पण शिकायचं कुणाकडे? तर तिच्या धाकट्या दिराकडे. गावातला असला एकमेव क्लास त्याचा, टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. खालून रबराचा वास, वर चिकट कीबोर्ड. कुठलंही बटण दाबलं की बोट सोडवून घ्यावं लागायचं. आणि दीर नखं खायचा. नुसती खायचा नाही, तुकडे टेबलावर, सरावाच्या सर्किट बोर्डाशेजारी, ओळीने ठेवायचा. नाकबाई पहिल्या दिवशी घरून फडकं घेऊन गेली, दुसऱ्या दिवशी फडकं आणि साबण.

शिकवायचा मात्र बरं. तेवढं तिला मान्य करावंच लागलं.

"वहिनी, प्रोसेसर म्हणजे एकच हुशार माणूस," तो फळ्यावर चौकोन काढत म्हणाला. "सांगाल ते करतो, पण एकामागून एक. आठ रांगांना विचारत फिरला, तर आठवीपाशी पोचेतो पहिलीतलं अंडं खोक्यात गेलेलं असतं."

"मग आठ माणसं ठेवा."

"तेच! हे एफपीजीए." त्याने शेजारी दुसरा चौकोन काढला. "यात आतली जोडणी आधी ठरलेली नसते. आपण लिहून द्यायची, तशी चिप बनते. उद्या मन बदललं तर पुसून दुसरी लिहायची. दर रांगेला एक राखणदार करायचा. आठही एकाच वेळी जागे. आणि किती अंडी आली, किती पाडली, हे पडद्यावर दाखवायचं निवांत काम प्रोसेसरकडे. दोघांनी कामं वाटून घ्यायची. हेच शिकायचं आहे, बाकी सगळी टायपिंगची मेहनत."

पहिल्यांदा तिने लिहिलेल्या जोडणीप्रमाणे बोर्डावरचा दिवा लागला आणि विझला, तेव्हा नाकबाई तासभर 'शी' म्हणायची विसरली. चौदा वर्षं दुसऱ्याने बनवलेलं पुसण्यात गेली होती. हे तिने स्वतः बनवलं होतं.

पण तो आनंद टिकणार कसा, आजूबाजूला उकिरडा असताना? वर्गातली बाकी चार जणं एकाच प्रोजेक्टच्या चार प्रती जमा करून मोकळी झाली. त्यातल्या एकाच्या फाइलमध्ये भलत्याच माणसाचं नाव तसंच राहिलं होतं. शी! आणि खुद्द दिराचा कोड! कारखान्याच्या कार्डाचा पाया त्यानेच लिहून दिला होता, पुढचं तिने करायचं. तिने फाइल उघडली. निम्मं कुठून कुठून उचललेलं, नावं बघावीत तर a, a1, a2, temp, temp_new. एका फाइलचं नाव 'final', तिच्या शेजारी 'final_final'. कुठलीही ओळ का लिहिली, याचा शेजारी एक शब्द नाही.

"भाऊजी, हा कोड आहे की खरकटं?"

"चालतंय ना, वहिनी? मग हात नका लावू."

या एका वाक्याची तिला जेवढी किळस आली तेवढी पिंपाचीही कधी आली नव्हती. चालतंय ना! पट्ट्याला तीन ठिकाणी दोरी बांधून कारखाना चालवणाऱ्यांचं हेच वाक्य. दुसऱ्या ट्रेवरून उडी मारणाऱ्यांचंही हेच.

तिने वही काढली, पहिल्या पानावर 'घाण' असं लिहून खाली रेघ मारली, आणि दिराचा कोड ओळीने साफ करायला बसली. आठ दिवस लागले. न वापरलेली नावं काढली. तीनदा लिहिलेला एकच हिस्सा एकदा केला. एकाच खुणेला उगाच नवी नवी नावं देत पुढे ढकलणाऱ्या ओळी उडवल्या. a चं 'रांग' केलं. जे जे काढलं ते आकडा घालून वहीत टिपलं. एकतीस नोंदी झाल्या. मग कॉम्प्युटरवर खोटी खोटी अंडी सोडून पाहिली. दहा हजारांत एक चूक नाही. दीर मान डोलावून म्हणाला, "छान दिसतंय हो," आणि टेबलावर आणखी एक नख ठेवलं. त्याने फाइल वरवर चाळली असणार, नाही तर पुढचं काही घडलंच नसतं.

कार्ड मशीनवर चढलं. चार दिवस सगळं सुरळीत. मालकीणबाई दोनदा येऊन पडद्यावरचे आकडे बघून गेल्या. नाकबाईने वरच्या खोलीच्या खिडकीचं मापही मनातल्या मनात घेऊन ठेवलं.

पाचव्या दिवशी पॅकिंगकडून किंकाळी आली.

खोकेवाल्या काकूंनी अंडं उचललं आणि ते त्यांच्या हातात फुटलं. साधं नासकं नव्हतं. आत वाफ धरून बसलेलं होतं. फट्कन आवाज झाला आणि काळंहिरवं पाणी काकूंच्या हातावर, गळ्यावर, थेट ओठापर्यंत उडालं. बायका दहा पावलं मागे सरल्या. काकू नळाखाली वाकून ओकत होत्या आणि मधेमधे नाकबाईच्या मशीनचा उद्धार करत होत्या. नाकबाईने त्यांच्या पाठीवर हात फिरवला, पण श्वास रोखून. तिला स्वतःलाच उमासे येत होते.

तिसऱ्या रांगेच्या राखणदाराला ते अंडं दिसलंच नव्हतं. संध्याकाळपर्यंत आणखी तीन निसटली, वेगवेगळ्या रांगांतून. हजारोंतून चार. कधी, का, काही माग लागेना. मशीन पुन्हा चालवावं तर सगळं ठीक.

तिने तिथूनच दिराला फोन लावला. "तुमचं उचललेलं खरकटं माझ्या मशीनमध्ये नासलं!"

"वहिनी, आधी नीट सांगा..."

"काय नीट सांगू? बाईच्या तोंडात गेलंय ते! तुम्ही आपले तिथे नखं खात बसा!"

"फाइल पाठवा. आत्ता चालू आहे ती," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. त्याने आवाज चढवला असता तर तिला बरं वाटलं असतं.

मग ती तडक वर गेली आणि मालकीणबाईंना म्हणाली, "माझी बाजू स्वच्छ आहे. मी ओळन् ओळ साफ केलीय, वहीत लिहून ठेवलंय. घाण आहे ती त्यांच्या मूळ कोडात."

मालकीणबाईंनी कॅलेंडरकडे पाहिलं. "शनिवारपर्यंत बघते. नाही तर जुनं कार्ड परत लावू, आणि या खोलीचं विसरा. आणि तुमच्या दिराच्या क्लासला आपल्या सहा बायका पाठवणार होते. चूक त्यांची असेल तर तेही रद्द."

"त्यांचीच आहे," नाकबाई म्हणाली.

घरी नवऱ्याने ऐकून घेतलं आणि एवढंच म्हटलं, "आपलेच दात, आपलेच ओठ. जरा जपून बोल." तिने त्याचं ताटही धुवायला घेतलं नाही.

शनिवारी सकाळी दीर शेडच्या दाराशी उभा राहिला. नाकबाई टपूनच होती. हा नक्की उडी मारणार. पण त्याने पहिल्या ट्रेमध्ये दोन्ही पाय बुडवले, थांबला, आणि खाली बघत विचारलं, "वहिनी, हे दोन कशाला? एकच मोठा ट्रे ठेवला असता."

"एकाने भागत नाही. पहिल्यात चिखल सुटतो. चिखल असला की औषध लागत नाही. दुसऱ्यात खरं औषध लागतं."

"पण आत येणाऱ्याला उशीर होतो."

"होऊ दे की! बाहेरचा माणूस बाहेरून आला तसा थेट आत घ्यायचा का? थांबेल दोन क्षण."

दिराने तिच्याकडे जरा वेळ पाहिलं. काहीतरी बोलणार असं वाटलं. मग मान हलवली, दुसऱ्या ट्रेमध्ये पाय बुडवले आणि ओल्या पायांची रांग उमटवत आत गेला. ती मागून फडकं घेऊन.

अंधाऱ्या खोलीत तो अर्धा तास लॅपटॉपवर वाकून बसला होता. मग म्हणाला, "चालवा." पिंपातली दीडशे नासकी अंडी निवडून, त्यांवर खूण करून, चांगल्यांत मिसळून पुन्हा पुन्हा पट्ट्यावर सोडली. ती उचलायचं काम अर्थातच नाकबाईचं. दुपारपर्यंत वीस हजार अंडी गेली. एकही निसटलं नाही.

मालकीणबाई खाली आल्या. "चूक कुणाची होती?"

"माझी," दीर म्हणाला.

बस, एवढंच. ना कारण, ना सारवासारव. मालकीणबाई म्हणाल्या, "मग सहा बायकांचं तूर्त राहू दे." तो "बरं" म्हणाला, लॅपटॉप मिटला आणि गेला. मशीनच्या झाकणावर नखाचा एक तुकडा होता. नाकबाईने तो फडक्याने उचलला आणि तिला मनातून गार वाटलं. बघा, म्हटलं नव्हतं मी?

सोमवारी ती वरच्या खोलीत बसली. किल्ली तिच्या पर्समध्ये. खिडकी उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. मग पहिलं काम म्हणून तिने दिराने दुरुस्त केलेली फाइल उघडली. त्याने पुन्हा काय उचलून चिकटवलंय ते शोधायचं आणि साफ करायचं, असा बेत. जुनी आणि नवी फाइल तिने पडद्यावर शेजारी शेजारी लावली. कॉम्प्युटर फरक दाखवतो.

फरक दोन ओळींचा होता.

सेन्सरची खूण a1 मध्ये. a1 ची खूण a2 मध्ये. आणि पुढे राखणदाराला खूण मिळणार ती a2 कडून.

तिने या ओळी कुठेतरी पाहिल्या होत्या. वही काढायची तिला भीती वाटली, तरी काढली. सतरावी नोंद, तिच्याच टपोऱ्या अक्षरात: 'तीच खूण आधी a1 मध्ये, मग a2 मध्ये. तेच ते दोनदा. नुसता आळशीपणा. दोन निरुपयोगी ओळी काढल्या.' आणि खाली, स्वतःवर खूश होऊन मारलेली दुहेरी रेघ.

तिने दिराला फोन लावला. "a1 आणि a2," एवढंच म्हणाली.

पलीकडून त्याने विचारलं, "कळलं का?"

"कशासाठी असतात त्या?"

"तुम्हीच सांगितलंत की, वहिनी. शनिवारी, दाराशी." मग त्यालाच राहवेना. "चिपला आतला एक ठेका असतो. सगळे राखणदार त्या ठेक्यावर बघतात. अंडं काही तो ठेका ऐकून येत नाही. कधी नेमकं ठेका पडताना खूण बदलली, की राखणदाराच्या अर्ध्या डोक्याला वाटतं अंडं आलं, अर्ध्याला वाटतं नाही आलं. मग तो अडकून बसतो. म्हणून बाहेरची खूण आधी दोन पायऱ्या थांबवायची, स्थिर करायची, मग आत. हजारोंत एखाद्या वेळीच बिघडतं, म्हणून कॉम्प्युटरवरच्या खोट्या अंड्यांत दिसत नाही. ती शहाण्यासारखी ठेक्यावरच येतात."

"मग मालकीणबाईंसमोर का नाही बोललात?"

"शिकवायला मीच कमी पडलो ना. शेजारी कारण लिहिलं असतं तर तुम्ही हात लावला नसता. फाइलही नीट वाचली नाही. खोटं काय बोललो मी?" मग हळू आवाजात म्हणाला, "आणि तुम्हाला ती खोली हवी होती."

"मला तुमची उष्टी खोली नको, भाऊजी," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

तिने खोल श्वास घेतला. खोलीला कसलाच वास नव्हता. तरी तिला ओकारी आली. चौदा वर्षं ती सगळ्या दुनियेला दारातून परत पाठवत होती, आणि स्वतः मात्र दोन्ही ट्रे लाथेने उडवून नासकं अंडं आत घेऊन आली होती. वर वहीत रेघ मारून! नखं खाणाऱ्या त्या माणसावर ढकलून! इतकी किळस तिला आजवर कशाचीच आली नव्हती, आणि ही पुसायला फडकं चालणार नव्हतं. न बोलता बसून राहिलं असतं तर कुणाला कळणारही नव्हतं. चालतंय ना, हे वाक्य तिच्या जिभेपर्यंत येऊन गेलं. त्या वाक्यानेच ती खुर्चीतून उठली.

मालकीणबाईंच्या टेबलावर तिने वही उघडी ठेवली, सतराव्या नोंदीवर बोट ठेवलं आणि सगळं सांगितलं. न थांबता.

मालकीणबाईंनी नोंद दोनदा वाचली. "म्हणजे अंडं तुम्ही सोडलंत."

"हो."

"आणि बोट त्यांच्याकडे दाखवलंत."

"हो."

मालकीणबाईंनी हात पुढे केला. नाकबाईने पर्समधून किल्ली काढून त्या हातावर ठेवली. "सहा बायका क्लासला जातील," मालकीणबाई म्हणाल्या. "सातव्या तुम्ही. पहिल्या धड्यापासून. खोलीचं नंतर बघू."

त्या दुपारी ती परत शेडमध्ये उतरली. पिंप भरलेलं होतं.

महिन्याभराने टायरच्या दुकानावर सात बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. कीबोर्ड तसेच चिकट. दीर फळ्यावर चौकोन काढत होता, आणि नखं तो अजूनही खात होता. शी! त्यात काही फरक पडायचा नव्हता. नाकबाईच्या शेजारी बसल्या होत्या खोकेवाल्या काकू. चष्मा नाकावर ओढून त्या पडद्यावरच्या ओळी बोटाने वाचत होत्या. बोट एका ठिकाणी थांबलं.

"अगं, हे बघ. तेच ते दोनदा लिहिलंय. एक a1, एक a2. फुकटची भर. काढून टाकू?"

"नका काढू," नाकबाई म्हणाली. "काकू, त्या मी काढल्या होत्या. म्हणून ते अंडं सुटलं. तुमच्या तोंडावर फुटलं ते."

काकूंचं बोट पडद्यावरच राहिलं. त्यांनी मान वळवून नाकबाईकडे पाहिलं, वरपासून खालपर्यंत, जसं नाकबाई दाराशी लोकांकडे बघायची. ओठ पदराच्या टोकाने पुसले, अजून काहीतरी लागलं असावं तसे.

"शी, बाई!" त्या म्हणाल्या.

"हो," नाकबाई म्हणाली. तिने कीबोर्ड स्वतःकडे ओढला आणि त्या दोन ओळींच्या शेजारी, चिकट बटणांवरून एकेक बोट सोडवत, कारण लिहायला घेतलं.